लाखेवर टांगलेली हंडी

११ जून १९६२, सोमवार
लाईट आली. खांब होळीपासून रोवून ठेवले होते. लोक त्यांना शेळ्या बांधून कंटाळले, तेव्हा कुठे आज दुपारी तारेत जीव आला. पुढे पो. ऑफिसात एक दिवा आणि मागे आमच्या राहत्या खोलीत एक. मोहन वायरमनने तुळईवरून वायर खाली सोडली, होल्डर जोडला, बटण दाबलं. सौ. ने बल्बकडे पाहिलं आणि लगेच डोळ्यांवर पदर घेतला. मलाही टोचलाच तो उजेड, पण मी पोस्टमास्तर, मोहनसमोर कसं दाखवणार.

मोहन गेल्यावर सौ. ने ट्रंक उघडली. तळातून धोतराचं गाठोडं काढलं. मला कळलंच काय आहे ते. तिच्या वडिलांची, दिव्यावर लावायची हंडी. दुधी काच, कडेला झालरीसारख्या चुण्या, मानेवर पितळी कडं. आबा सुरतेला एका शेठकडे पहारेकरी होते. शेठने घरातले दिवे बदलले, तेव्हा ही हंडी त्यांनी मागून घेतली. नंदुरबारपर्यंत गाडीत मांडीवर धरून आणली, तिथून पुढे बैलगाडीतही मांडीवरच. मुलीला म्हणाले, तुझ्या घरी लाईट आली की लाव. तेव्हा आमच्या गावात रॉकेल मिळायची मारामार, मी हसलो होतो. सात वर्षं ट्रंकेत पडून राहिली. आबा गेल्या श्रावणात गेले.

"आते लावा," सौ. म्हणाली.

घेऊन पाहतो तर कड्याला तीन भोकं आणि काचेची मान आवळणारा स्क्रू एकही नाही.

१२ जून
मोहनला सकाळीच बोलावला. त्याने कडं फिरवून फिरवून पाहिलं. जुनं विलायती माप आहे, इकडे मिळायचं नाही, सुरतेच्या माणसाला सांगतो, महिना धरून चाला म्हणाला. खिळा-बिळा घालू नका मास्तर, काच तडकेल, हेही वर सांगितलं. सौ. ला घाई नाही. म्हणाली, इतला दिन थांबनूत, आखो एक महिना थांबसूत.

ती थांबेल. मलाच थांबवत नाही. का ते इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे लिहायला जागा नाही.

गेल्या वर्षीची ३० ऑगस्ट, बुधवार. इन्स्पे. साहेब सकाळी नऊलाच येऊन बसले होते. नऊ चाळीसला तारयंत्र वाजलं. मीच ऐकत होतो, माझ्याच हाताने लिहून घेतलं: वडील अत्यवस्थ, बहिणीस ताबडतोब पाठवा, रामभाऊ. रामभाऊ म्हणजे सौ. चा भाऊ. माहेर तापीच्या पलीकडे, आता ते गुजरातेत गेलं. श्रावणात नदी भरलेली, शेवटची नाव चार वाजता सुटते, हे मला ठाऊक. सखाराम पोस्टमन शेजारी उभा होता. वहिनीला मी घेऊन जातो म्हणाला. मी त्याला गप्प केलं. साहेब त्या दिवशी त्याच्याबरोबर गावात फिरून वाटप तपासणार होते.

तार मी रजिस्टराखाली सरकवली. मनात म्हटलं, दुपारी सांगू. तार खात्यात जन्म गेला की 'अत्यवस्थ' हा शब्द बोथट होतो. अत्यवस्थ म्हणून ज्यांच्या तारा मी घेतल्या, ती माणसं पुढच्या महिन्यात स्वतःच्या पायांनी मनीऑर्डर घ्यायला आलेली मी पाहिली आहेत. शिवाय सौ. रडत बाहेर आली असती, साहेबांपुढे तमाशा झाला असता. असंही मनात आलं. आलं ते आलं, इथे खोटं कशाला लिहू.

पाचला साहेब गेले. शेरा मिळाला, 'काम समाधानकारक.' मग मी मागे जाऊन सौ. ला सांगितलं, आत्ताच तार आली. तशीच ती अनवाणी नदीकडे धावली. नाव गेलेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या नावेने पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती.

१५ जून
कड्यात कागदाच्या घड्या घालून पाहिल्या. मनीऑर्डरचे जुने फॉर्म, चांगले जाड. हंडी दोन मिनिटं राहिली आणि घसरली. खाली गादी अंथरून ठेवली होती म्हणून वाचली. सौ. उंबरठ्यात उभी राहून पाहत होती. तिने गादीवरून हंडी उचलून धोतराने पुसली.

१८ जून
आज लाकडी पाचरी. सुताराकडून बाभळीच्या तीन करून आणल्या, करंगळीच्या नखाएवढ्या. एक आत गेली की दुसरी बाहेर. तास गेला. मान मोडायची पाळी आली. ऑफिसात एक बाई कार्डासाठी ताटकळत बसलेली, तिच्यावर उगाच खेकसलो. ती बिचारी म्हणाली, मास्तर, तुमना जीव बरा नही का.

२४ जून, रविवार
सुटीचा दिवस. सकाळी अंघोळ करताना सुचलं आणि मलाच हसू आलं. पंधरा वर्षं मी टपालाच्या थैल्या बंद करतो आहे. सुतळीची गाठ, गाठीवर लाख. आजवर माझी एक थैली वाटेत सुटलेली नाही. आणि एवढ्याशा हंडीसाठी मी सुताराच्या दारात.

कड्याच्या तिन्ही भोकांतून सुतळी ओवली, हंडीच्या मानेभोवती तीन वेढे, करकचून गाठ. मग लाखेची कांडी दिव्यावर धरून गाठींवर आणि भोकांवर थेंब सोडले. सवयीने हात पितळी शिक्क्याकडे गेला होता, मागे घेतला. तेवढी अक्कल शिल्लक होती. लाख सरकारी, ती बाजाराच्या दिवशी नवी कांडी आणून भरून टाकायची.

सौ. स्टूल धरून उभी. म्हणाली, "लाख पघळस ना ओ. तुम्ही रोज दिवावर धरीसन पघळावतस." मी म्हटलं, ते दिव्याच्या ज्योतीवर. बल्बाला ज्योत आहे का? तू टपालाचं मला शिकवू नकोस. तिने स्टूल नीट धरलं.

संध्याकाळी बटण दाबलं. बल्ब लहान, पंचवीसचा. खोलीभर दुधासारखा मऊ उजेड पसरला. भिंतीवर चुण्यांची सावली पडली. सौ. सूप घेऊन खाली बसली, तांदूळ निवडायला. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आबा घरमाच बठेल शेत अशे वाटस."

मी उठलो. पुढे ऑफिसात जाऊन बसलो.

३ जुलै
हंडी पाहायला गावातल्या बायका येतात. सौ. त्यांना पाणी देते, आबांची सुरतेची गोष्ट सांगते. एकदा ऐकली, दोनदा ऐकली, आता मला पाठ आहे. मांडीवर हंडी घेऊन आबा गाडीत बसलेत आणि टी.सी. विचारतोय हिचं तिकीट कुठे, इथे बायका हसतात. सौ. पण हसते. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

सखारामही आज डोकावला. वर लाखेच्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, रजिस्टर पार्सल करी टाकं तुम्ही तं," म्हणाला. हसलो दोघं. तो माणूस फार पाहतो माझ्याकडे. का मलाच तसं वाटतं.

१४ जुलै
स्क्रू आले. मोहन स्वतः घेऊन आला, कागदाच्या पुडीत तीन, पितळी, डोक्याला खाचा. म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, उतरवू या, लाख खरवडून काढतो.

मी नको म्हटलं.

वीस दिवस राहिली आहे ना, मग? मोहन म्हणाला, मास्तर, लाखेचा भरोसा नाही. सौ. पण म्हणाली, बसाडू द्या ना त्याले. मी म्हटलं, पावसाचं वातावरण आहे, उघडीप पडली की बघू. पावसाचा आणि स्क्रूचा काय संबंध ते देव जाणे. मोहनने पुडी माझ्या हातात दिली आणि सायकलवर बसून गेला. पुडी टेबलाच्या खणात ठेवली.

खरं कारण लिहितो. ती हंडी माझ्या हाताने टांगलेली आहे. रात्रंदिवस डोळ्यांसमोर आहे, तिच्याकडे पाहून मला वाटतं की काही तरी फिटतंय. मोहनने बसवली की ती मोहनची. मग माझं काय राहिलं?

२ ऑगस्ट
नदीला पूर. तीन दिवस नाव बंद, टपाल बंद. ऑफिसात माशा. दिवसभर बसून ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आधी सौ. ला सगळं सांगायचं. मागे गेलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, काय ओ? मी म्हटलं, मीठ कमी घाल.

१९ ऑगस्ट, रविवार. श्रावण वद्य ४
आबांचं वर्षश्राद्ध. पहिल्या नावेने पलीकडे गेलो. सौ. ने नावाड्याला विचारलं, संध्याकाळची शेवटची कितीला? चारला, तो म्हणाला, पूर असला की चारलाच, दरसाल. ती पाण्याकडे बघत बसली. माझ्याकडे वळली नाही. मी टोपी काढून पुन्हा घातली.

रामभाऊ माणूस सरळ. केळीची बाग सांभाळतो, जास्त बोलत नाही. पानं उठल्यावर मी आणि तो ओसरीत सुपारी कातरत बसलो होतो. सहज म्हणाला, आबांना शेवटपर्यंत शुद्ध होती. मी हातातला अडकित्ता थांबवला. मला इतके दिवस वाटत होतं की ते बेशुद्धच असतील, सौ. पोचली असती तरी त्यांना कळलं नसतं. कुणी मला तसं सांगितलेलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो.

"दिवा लागेपावत पुसी ऱ्हायंतात," रामभाऊ म्हणाला. "उनी का, उनी का. मंग पुसानं बंद करं." आली का, म्हणजे सौ. आली का.

दारामागे सौ. उभी होती का, मला माहीत नाही. बांगड्या वाजल्यासारखं वाटलं.

२० ऑगस्ट
काल येताना नावेत ती बोलली नाही. आज बोलली, रोजच्यासारखी. भाजी काय करू, दूध नासलं, धोब्याकडे तुमचा कोट आहे. मी जास्तच गोड बोलतोय, माझं मलाच जाणवतंय.

८ सप्टेंबर, शनिवार
लिहायला हवं म्हणून लिहितो.

रामभाऊ दुपारी आला, केळीचा घड आणि मक्याची कणसं घेऊन. पहिल्यांदाच हंडी पाहणार होता. मला काय अवदसा आठवली, ऑफिसातला शंभरचा बल्ब काढून मागे लावला. पाहुण्याला नीट दिसावी. बापाची वस्तू बहिणीच्या घरात कशी शोभते ते त्याने पाहावं आणि लावली कुणी ते विचारावं. हो, तेच हवं होतं मला.

दिवेलागणीला बटण दाबलं. रामभाऊ वर बघून हात जोडून उभा राहिला. सौ. ने पानं वाढली. भाऊ-बहीण सुरतेच्या गोष्टी काढून बसले, आबा शेठच्या कुत्र्याला ओव्या म्हणून दाखवायचे ती. मला लाखेचा वास येत होता. स्पष्ट येत होता. पंधरा वर्षं त्या वासात काढलेला माणूस मी, मला वाटलं पुढच्या खोलीतून येतोय. ऑफिस बंद, चूल दुसऱ्या टोकाला, तरी मला तेच वाटलं. सौ. ने मात्र हात थांबवला, वर पाहिलं आणि भावाला म्हणाली, दादा, जरा आथा सरक. रामभाऊ सरकला.

आधी लाल थेंब पडला, वरणात. मग हंडी.

दोन पानांच्या मधोमध पडली. कुणाला लागलं नाही. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. वर नुसता शंभरचा बल्ब आणि कड्यातून लोंबणारी सुतळी. त्या पांढऱ्याफटक उजेडात आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

सौ. ने एकेक तुकडा वेचला. मी वाकलो तर म्हणाली, तुम्ही राहू द्या. वरणातले तुकडे धुऊन घेतले. सगळे आबांच्या त्याच धोतरात बांधले आणि ट्रंकेत ठेवले. मग रामभाऊला पुन्हा पान वाढलं. तो जेवला नाही. तीही नाही. मी दोन घास खाल्ले, काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून.

९ सप्टेंबर
रामभाऊ सकाळच्या नावेने गेला. जाताना मला म्हणाला, जाऊ द्या पाहुणं, काचच ती. इतका चांगला माणूस. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सौ. रागावलेली नाही. रागावली असती तर मला तिची समजूत काढता आली असती. घरात चालते-फिरते, पण मी खोलीत शिरलो की हातातलं काम संपवून पलीकडे जाते.

११ सप्टेंबर
आज खण उघडला तर स्क्रूची पुडी समोर. दहा मिनिटांचं काम होतं. दहा मिनिटं. मागच्या वर्षी तेवढीच लागली असती, मागे जायचं, तार वाचून दाखवायची, सखारामबरोबर तिला धाडायचं. दोन्ही वेळा माणूस दारात उभा होता आणि काम करतो म्हणत होता. दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवला. गाढव माणूस मी.

१३ सप्टेंबर
सखारामला आज थैल्या बांधताना विचारलं. सरळच विचारलं, तू तिला कधी काही बोललास का रे.

त्याने गाठ पुरी केली. म्हणाला, "मी काही सांगं नही मास्तर. त्यास्नीच पुसं व्हतं, तार कव्हय उनी. मी म्हनं, मास्तरस्ले पुसा."

तार कधी आली हे तिने केव्हा विचारलं होतं? तर म्हणाला, गेल्या साली. आबांच्या दहाव्याहून ती परत आली त्याच दिवशी.

म्हणजे वर्ष झालं. वर्षभर ती जाणते की विचारण्यासारखं काही तरी आहे. आणि वर्षभर तिने मला विचारलं नाही. मी रोज सकाळी चहा घेतला तिच्या हातचा. हंडी टांगली तेव्हा स्टूल धरून उभी राहिली. लाख पघळते म्हणाली, मी तिला गप्प बसवलं. बायकांना आबांची गोष्ट सांगून हसवत होती ते मी पाहत होतो, आणि मनातल्या मनात हिशेब चुकता करत होतो, मीच, माझ्या सोयीने. ती वाट पाहत होती की मी आपण होऊन बोलेन. मी तिला हंडी टांगून दिली. तीही लाखेने.

आज थैलीवर लाख लावताना बोट भाजलं. सखारामने पाण्याची वाटी पुढे केली. त्याच्यासमोर मला रडू आलं. तो बाहेर जाऊन सायकल पुसत राहिला, तिला पुसण्यासारखं काही नव्हतं.

१६ सप्टेंबर, रविवार
सांगितलं.

सकाळी ती तुळशीपाशी बसली होती, मी जाऊन पायरीवर बसलो. आधीच पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, ती तार सकाळी आली होती. नऊ चाळीसला. मीच लिहून घेतली. सखाराम तुला न्यायला तयार होता, मी नको म्हटलं. साहेब बसले होते. तुला खोटं सांगितलं.

ती तुळशीतली वाळलेली पानं काढत होती. काढत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग विचारलं, "मंग दिनभर तुम्ही काय करी ऱ्हायंतात?"

एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. आणि मला उत्तर देणं भाग होतं, कारण ती माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. रजिस्टरं दाखवली. तिकिटं मोजून दिली. साहेबांना दोनदा चहा पाजला. दुपारी जेवलो.

"काय वाढं व्हतं मी?" तिने विचारलं.

मला आठवेना. तिला आठवत होतं. गवारीची भाजी, म्हणाली. तुम्ही म्हनाले व्हतात, झकास झायी. 

ती उठून आत गेली. मी पायरीवरच बसलो. ऊन पायांवर आलं तरी बसलो होतो.

१७ सप्टेंबर
सौ. माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. पहाटे उठून दोन दिवसांच्या भाकरी करून ठेवल्या, लोणच्याची बरणी वर काढली, कोट धोब्याकडून आणून खुंटीला लावला. ट्रंकेतून धोतराचं गाठोडं घेतलं. मी ऑफिस उघडायचं सोडून नदीपर्यंत गेलो. तिने अडवलं नाही. नावेची वाट पाहत दोघं शेजारी उभे राहिलो. गावातल्या दोन बायका होत्या, त्यांना वाटलं मास्तर कौतुकाने बायकोला पोचवायला आलेत. एक तसं म्हणालीसुद्धा.

मी विचारलं, कधी येशील? ती म्हणाली, माहीत नाही. मी म्हटलं, न्यायला केव्हा येऊ? तेव्हा नावेत पाय ठेवता ठेवता थांबली.

"येवानं व्हई ते तुम्ही सोता या," म्हणाली. "तार करू नका."

२१ सप्टेंबर
भाकरी परवाच संपल्या. सखारामची बायको डबा पाठवते, तो मुकाट्याने आणून ठेवतो. शंभरचा बल्ब काढून पुढे लावला, मागे पंचवीसचा. तोही टोचतो.

रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारण काय लिहायचं? 'घरगुती' लिहिलं. फाडला. पुन्हा 'घरगुती'च लिहिलं.

भीती वाटते, हे खरं. तिने नाही म्हटलं तर? रामभाऊला तिने सांगितलं असेल का? त्या ओसरीवर, जिथे म्हातारा दिवा लागेपर्यंत विचारत होता, तिथे मी कोणत्या तोंडाने उभा राहू? पाहुणं म्हणून पाट मांडतील माझ्यासाठी. तेच सहन होणार नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार
रजा मंजूर झाली. गुरुवारपासून तीन दिवस. बदली माणूस नंदुरबारहून बुधवारी येईल.

आज दुपारी तारयंत्रावर पलीकडच्या तालुक्याचा सिग्नलर होता, रोजचाच. काम संपल्यावर त्याने विचारलं, आणखी काही आहे का. हात बटणावर होता. दोन शब्द, येत आहे. एका मिनिटात तिच्या भावाच्या गावी पोचले असते. तिला कळलं असतं की मी निघालोय. दारात आल्यावर अवघड गेलं नसतं मला.

काही नाही म्हणून कळवलं आणि यंत्र बंद केलं.

गुरुवारी जायचं. पहिली नाव सातला. सखाराम म्हणतो वरती पाऊस आहे, नदी चढतेय, तोपर्यंत नाव चालेल की नाही सांगता येत नाही.